आदिवासी गावाचा चित्र-नकाशा आणि आयईसी मटेरियल: पहिल्यांदाच करणार असाल तर हे वाचून घ्या

वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मेसेज करतंच की ताई, आदिवासी भागात काम करणाऱ्या एका संस्थेनं गावाचा सचित्र नकाशा आणि काही पोस्टर (म्हणजे आयईसी, लोकांना माहिती द्यायचं साहित्य) मागितलीत, कुठून सुरू करू. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

मी मूळची लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी, नकाशातलं काहीही येत नव्हतं. पहिलं काम मिळालं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाचं, संस्था सामूहिक वनहक्कावर (गावाचा मिळून जंगलावरचा कायदेशीर हक्क) काम करणारी. मी पुण्यात बसून सॅटेलाइट इमेज समोर ठेवली, दोन आठवडे घासून एक देखणा नकाशा केला, मोठा प्रिंट काढला आणि ग्रामसभेत भिंतीवर लावला. लोकं बघतायत बघतायत, कुणी काहीच बोलेना. मग एका आजोबांनी उठून सरळ चिकटपट्ट्या काढल्या, नकाशा जमिनीवर अंथरला आणि गोल फिरवायला लागले, अर्धा फेरा फिरवल्यावर थांबले. नकाशातली नदी आणि बाहेरची नदी एका दिशेला आली होती. म्हणाले, "पानी वरतून येते जी ताई, तुमच्या कागदात खालून वर चाललं." नदी दक्षिणेकडून उत्तरेला जात होती आणि मी शाळेतल्यासारखी उत्तर वर ठेवली होती. तो नकाशा तिथेच बाद झाला. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

## १. आधी विचारा: नकाशा कशासाठी हवाय

हा प्रश्न संस्थेलाच नीट माहीत नसतो, त्यामुळे खोदून खोदून विचारा. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

एक असतो दाव्याचा नकाशा. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे आणि त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. त्या नियमांत वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्कांना नमुना ब आणि सामूहिक वनसंसाधनाला नमुना क आहे (इंग्रजीत कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स, बोलताना सगळे सीएफआरच म्हणतात). नमुना क सोबत पारंपरिक हद्द आणि खाणाखुणा दाखवणारा नकाशा जोडावा लागतो, शेजारची गावं आणि माहीत असतील तर कक्ष क्रमांक (वनखात्यानं जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) लिहावे लागतात. हे काम ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीचं आणि जीपीएस-क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) येणाऱ्या माणसाचं. तुम्ही चित्रकार म्हणून त्यात हात घालू नका.

दुसरा असतो चित्र-नकाशा. हक्क मिळाल्यावर किंवा मिळवताना गावातल्या लोकांना, शाळेतल्या पोरांना, बाहेरून येणाऱ्यांना आपलं जंगल कुठपासून कुठपर्यंत, कुठे काय आहे हे कळावं म्हणून. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आता एवढं क्षेत्र नुसत्या आकड्यात कुणालाच दिसत नाही, ते दिसायला चित्र लागतं. तुमचं काम हे. आणि त्याच्या कोपऱ्यात ठळक लिहायचं, "हा नकाशा मोजणीचा नाही, माहितीसाठी आहे." ही ओळ नसली की कुणीतरी तोच कागद घेऊन वनखात्याशी वाद घालायला जातं आणि मग गावाचाच मुद्दा कच्चा पडतो.

## २. हाताशी काय काय लागेल

संस्थेकडून मागून घ्या:

- ग्रामसभेचा ठराव किंवा निदान लेखी संमती, की हा नकाशा आम्हाला हवाय. संस्थेची ऑर्डर म्हणजे गावाची संमती नव्हे.
- दाव्याची किंवा मिळालेल्या हक्काच्या टायटलची झेरॉक्स, सोबतच्या नकाशासकट
- गाव नकाशा, आणि असेल तर निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-जमीन वापराच्या हक्कांची सरकारी नोंद)
- वनखात्याचा कक्ष क्रमांक दाखवणारा नकाशा
- संस्थेच्या लेटरहेडवर तुमच्या नावाचं पत्र, फोटो आणि सहीशिक्क्यासकट

शेवटच्या पत्राला हसू नका. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अनोळखी बाई हातात मोबाइल घेऊन जंगलात रेघा मारत फिरतेय म्हटल्यावर कुणीही विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे. पोलीस पाटलांना आधी भेटा, गावातलं कुणीतरी कायम सोबत ठेवा.

तुमच्याकडे: सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट (डोंगर, नाले, रस्ते दाखवणारा सरकारी नकाशा, त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून पीडीएफ मिळते), मोबाइलवर ट्रॅक रेकॉर्ड करणारं कुठलंही फुकट ॲप, पॉवर बँक, ब्राउन पेपरचा रोल, स्केच पेन, रंगीत खडू, रांगोळी. लॅपटॉप गावात नेऊ नका, तो उघडला की सगळे गप्प बसून स्क्रीन बघतात.

भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशे करायला आधी परवानगी घ्यावी लागते असं अजूनही बरेच जण सांगतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर ती अट नाही, संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध मात्र आहेत. आणि एक भान ठेवा, कोपऱ्यात "आपलं गाव भारतात कुठे" असा छोटा नकाशा टाकणार असाल तर देशाची बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाचीच घ्या. परदेशी स्टॉक साइटवरच्या रेडीमेड नकाशात काश्मीर-लडाख कापलेला असतो आणि सीमा चुकीची छापणं हा आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

## ३. जायचं कधी

मार्च-एप्रिलात मोह पडतो, लोकं पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघालेली असतात. त्याच्यामागोमाग तेंदूपत्ता, मे महिन्यात तर गावात माणूस भेटत नाही. पावसाळ्यात रोवणी आणि नाल्यांना पूर. म्हणजे उरतं काय, तर धान निघाल्यानंतरचे जानेवारी-फेब्रुवारी. संस्थेचं बजेट मार्चअखेर संपवायचं असतं म्हणून ते तुम्हाला वीस मार्चला फोन करतील की पटकन करून द्या, तेव्हा नाही म्हणायला शिका, मला तीन कामं वाया गेल्यावर जमलं.

निदान तीन फेऱ्या धरा. पहिली माहितीची, दुसरी कच्चा नकाशा दाखवायची, तिसरी द्यायची. दुसरी फेरी बजेटमधून हमखास कापली जाते आणि खरं काम तिथेच होतं, त्यामुळे कोटेशनमध्येच ती वेगळ्या ओळीत लिहा.

## ४. नकाशा आधी जमिनीवर

कागद काढायचाच नाही. शाळेच्या अंगणात किंवा गोटुलसमोर (गोंड गावातलं तरुणांचं जमायचं घर) जागा झाडून घ्या आणि लोकांना सांगा, की मी इथली नाही, मला तुमचं गाव दाखवा. रांगोळीनं रस्ता, राखेनं नाला, दगड म्हणजे घरं, पानं म्हणजे जंगल. सुरुवातीला एखादा गुरुजी किंवा सरपंच खडू हातात घेऊन एकटाच काढत सुटतो, त्याला चहाच्या निमित्तानं बाजूला घ्या. पाचेक मिनिटांत बाया येऊन खडे सरकवायला लागतात.

बायांचा आणि पुरुषांचा नकाशा वेगवेगळा करून घ्या, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. एका गावात पुरुषांच्या नकाशात होते रस्ते, बांबूचे पट्टे, वनखात्याचा नाका आणि हद्दीचे दगड. बायांच्या नकाशात पाण्याच्या सात जागा होत्या, त्यातल्या चार पुरुषांनी काढल्याच नव्हत्या. सरपणाची वाट, कुठला मोह कुणाच्या घरचा, कुठल्या वळणावर अस्वल दिसतं, हे सगळं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी कोरम लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात असा नियमच आहे, मग नकाशात अर्ध्या तरी असायला काय हरकत आहे.

दिशेचं वर आलंच. लोकं "वरती" म्हणतात म्हणजे कुठे, ते विचारा. बहुतेक वेळा पाणी येतं ती बाजू वर आणि जातं ती खाली. मी आता नकाशा तसाच उभा करते आणि उत्तरेचा बाण जिकडे असेल तिकडे वाकडा टाकते. एका ट्रस्टीनं यावर माझी अर्धा तास शाळा घेतली होती, की उत्तर वरच पाहिजे. मी म्हटलं, वाचणार कोण आहे?

झालं की वरून फोटो काढा, मग ब्राउन पेपरवर गावातल्याच दोन पोरापोरींकडून उतरवून घ्या. जमिनीवरचा नकाशा संध्याकाळपर्यंत बकऱ्या खातात.

## ५. शिवार फेरी

दुसऱ्या दिवशी त्याच नकाशातल्या जागा चालून या. मोबाइलवर ट्रॅक चालू ठेवा, प्रत्येक जागेवर थांबून नाव विचारा, रेकॉर्ड करा, वहीत लिहा. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर पाचेक मीटर इकडेतिकडे असतं, दाट झाडीत त्याहून जास्त घसरतं, आपल्या चित्राला तेवढं चालतं. रात्री तो ट्रॅक क्यूजीआयएसमध्ये टोपोशीटवर टाकला की ढोबळ सांगाडा मिळतो, त्यावर चित्र. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते-नाले वापरलेत तर नकाशावर त्यांचं श्रेय छापणं बंधनकारक आहे, विसरू नका.

मापात सगळं बसवायचा हट्ट नको. गाव छोटं आणि जंगल अफाट असतं, मापात काढलं तर घरं मुंगीएवढी होतात. मी गावठाण तिप्पट फुगवते आणि जंगल आवळते, फक्त कशाच्या पलीकडे काय हा क्रम मोडत नाही.

## ६. काय काढायचं नाही

या मुद्द्यावर घाई करू नका. नकाशा एकदा व्हॉट्सअपवर गेला की तो ठेकेदाराकडेही पोचतो आणि औषधी मुळ्या खणून नेणाऱ्याकडेही. म्हणून कच्चा नकाशा समोर ठेवून प्रत्येक खुणेवर बोट ठेवून विचारायचं: हे बाहेरच्यांनी बघितलेलं चालेल का? एका गावानं मला मधाच्या पोळ्यांचा कडा, दोन औषधी झाडांच्या जागा आणि एक पेनठाणा (गोंडांच्या देवाची जागा) नकाशातून पुसायला लावला. ठाणा का नको म्हणून मी विचारलं तर एक बाई एवढंच म्हणाली की नाही दाखवत. मी पुढे विचारलं नाही.

दोन आवृत्त्या करणं हा सोपा मार्ग आहे. एक गावापुरती, पूर्ण, तिची सॉफ्ट कॉपी कुणालाच द्यायची नाही, छापील प्रती ग्रामसभेच्या पेटीत. दुसरी बाहेर द्यायची. पोलीस मदत केंद्र, कॅम्प, टॉवर असलं काही दोन्हीत टाकू नका.

आणि हद्द. मी हद्द जाड लाल रेघेनं काढली होती, छान उठून दिसावी म्हणून. शेजारच्या गावाची माणसं दुसऱ्या दिवशी हजर, त्या रेघेच्या आत त्यांच्या गुरांची चराई येत होती आणि दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत होती, कधी भांडण नव्हतं, माझ्या रेघेनं झालं. आता हद्दीला रेघ काढत नाही, रंग हळूहळू फिका करत नेते, सामाईक जागेवर दोन्ही गावांची नावं लिहिते आणि छापायच्या आधी शेजारच्या ग्रामसभेलाही दाखवते.

## ७. नावं

टोपोशीटवर एक नाव, वनखात्याकडे नुसता कक्ष क्रमांक, आणि गावात तिसरंच, हे जवळजवळ दर ठिकाणी होतं. गावातलं नाव मोठ्या अक्षरात, सरकारी नाव खाली बारीक. दोन्ही ठेवा, कारण कार्यालयात गेल्यावर सरकारीच नाव लागतं.

गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू, पावरी या मराठीच्या बोली नाहीत हे मनात पक्कं बसवा. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू तर थेट मुंडा गटातली. गोंडीत नार म्हणजे गाव, येर म्हणजे पाणी. नावात हे शब्द लपलेले असतात आणि आपण मराठी कानानं ऐकून भलतंच लिहितो. म्हणून नाव लिहिलं की सांगणाऱ्यालाच वाचायला द्या, वाचता येत नसेल तर मोठ्यानं म्हणून दाखवा. हसले तर चुकलंय.

गोंडीसाठी दोन लिप्या युनिकोडमध्ये आहेत, मसराम गोंडी २०१७ पासून आणि गुंजाळा गोंडी २०१८ पासून. मुखपृष्ठावर गावाचं नाव त्यात टाकलं की लोकं खूश होतात, पण कुठली लिपी वापरायची ते त्यांनाच ठरवू द्या. आतला मजकूर देवनागरीतच ठेवा, वाचणारे तिथेच जास्त असतात.

"आदिवासी" लिहायचं, "जनजाती" लिहायचं की जमातीचं नाव, हेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी आदिवासी. "वनवासी" मी कुठल्याच पोस्टरवर लिहीत नाही, एकदा संस्थेच्याच कार्यकर्त्यानं तो शब्द घातला होता, पहिल्याच मीटिंगमध्ये तीन पोरं उठून गेली.

## ८. वारली सगळीकडे चिकटवू नका

आदिवासी म्हटलं की आपल्या डोक्यात पांढऱ्या काड्यांची माणसं नाचायला लागतात. मीही तेच केलं, गडचिरोलीतल्या गोंड गावाच्या नकाशाला वारली बॉर्डर. मुंबईला कामाला जाऊन आलेला एक पोरगा म्हणाला, "हे तं डहाणूकडचं हाये न ताई, आमच्याकडं कोन काढते असं?" जमीन दुभंगावी असं झालं मला.

वारली चित्रं पालघर-डहाणू-जव्हार पट्ट्यातली. लग्नाचा चौक सवाष्णी बाया तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहितात, मध्ये पालघाट देवी असते, तो विधी आहे. त्या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. तुमचं गाव खरंच वारली पाड्याचं असेल तर तिथल्याच चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला तुमच्याएवढाच दर द्या आणि नाव छापा. दुसरीकडे कुठे असाल तर घरांच्या भिंती बघा, कुडाला काय नक्षी आहे, दार कसलं आहे, बायांच्या गोंदणात काय आहे, आणि ते वापरायच्या आधीही विचारा, गोंदणाच्या काही खुणा कुळाच्या असतात.

माणसं आजची काढा. डोक्यात पीस खोचलेला, हातात भाला घेतलेला माणूस मी चार वर्षांत एकदाही पाहिला नाही, मोटरसायकलवर मागे मोहाचं पोतं बांधलेली माणसं मात्र रोज दिसतात. स्मार्टफोन, सोलर दिवा, स्टीलची घागर, शाळेचा निळा गणवेश, सगळं येऊ द्या.

## ९. फॉन्ट, म्हणजे दऱ्यांचा दर्या होतो ती गोष्ट

संस्थेकडून मजकूर येतो तो बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर शब्द न् शब्द वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. माझ्या एका नकाशात "खोल दऱ्या" लिहायचं होतं, छापून आलं "खोल दर्या". गडचिरोलीत समुद्र! ५०० प्रती. ऱ हे वेगळं अक्षर आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग पाय मोडायचा आणि मग य. डोंगऱ्या, दऱ्या, पायऱ्या, झऱ्याजवळ, नकाशात हे शब्द पावलोपावली येतात.

फॉन्ट कुठला, तर मुक्त परवान्याचे पुष्कळ आहेत. मी मजकुराला मुक्ता, मथळ्याला बालू आणि जरा पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी वापरते. ल आणि श मराठी वळणाचे येतायत ना ते बघा, हिंदी वळणाचा ल दिसला की म्हाताऱ्या माणसांना वाचताना अडखळायला होतं असा माझा अनुभव. इलस्ट्रेटरमध्ये काम करत असाल तर प्रेफरन्समध्ये इंडिक ऑप्शन चालू करा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. इंकस्केपमध्ये हा त्रास होत नाही, फुकटही आहे.

आणि प्रेसला फाइल पाठवताना कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) पाठवा, प्रेसवाला स्वतःच पहिलं वाक्य हेच बोलतो. पण कर्व्ह न केलेली ओपन फाइल वेगळी जपा, मी एकदा वरच सेव्ह केली आणि नंतर एका गावाचं नाव सुधारायला सगळं पुन्हा टाइप करत बसले.

## १०. खुणा दाखवून बघा

सूचीतल्या खुणा वेगळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या छापा, खाली शब्द लिहू नका, आणि आठ-दहा जणांना एकेकट्याला विचारा, हे काय? माझा पाण्याचा थेंब दहापैकी सहा जणांना मोहाचं फूल वाटला. नंतर बघितलं तर खरंच, टपोरं, खाली गोल, वर निमुळतं. मग पाण्यासाठी घागर काढली. बरोबरची खूण म्हणजे होय आणि फुलीची खूण म्हणजे नाही, हेही सगळ्यांना तसंच वाटतं असं समजू नका, मतदानाच्या फुलीची सवय असलेल्या जुन्या माणसांना फुली म्हणजे "हेच निवडा" वाटू शकतं.

मग झेरॉक्स टेस्ट. तुमचा नकाशा तालुक्याच्या दुकानात काळा-पांढरा झेरॉक्स होणारच, दहा वेळा होणार. जंगलाचा हिरवा आणि तलावाचा निळा दोन्ही सारखेच करडे होतात. त्यामुळे रंगाच्या जोडीला पोत द्या: पाण्याला आडव्या लहरी, जंगलाला झाडांची टिंबं, शेताला तिरप्या रेघा.

## ११. नकाशासोबतचं बाकी साहित्य

संस्थांच्या भाषेत याला आयईसी मटेरियल म्हणतात. यादीत नेहमी पोस्टर, घडीपत्रिका आणि फ्लेक्स असतो. माझं मत विचाराल तर पोस्टर कमी करा आणि हे करा:

फ्लिपचार्ट. पुढच्या बाजूला नुसतं चित्र, मागच्या बाजूला कार्यकर्त्यानं काय बोलायचं ते, १८ पॉइंटच्या खाली नाही कारण मीटिंग रात्री एका बल्बखाली असते.

सापशिडी. वनहक्क समिती, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा दाव्याचा प्रवास शंभर घरांत बसवायचा. "अर्ज दिला पण पोच घेतली नाही" इथे साप, "दोन पुरावे जोडले" इथे शिडी. पोरं खेळतात आणि मागे उभे राहून मोठे वाचतात. एका गावात "साहेब बदलून गेले" हा साप ग्रामसभेनं स्वतः सुचवला आणि ९८ वर ठेवायला लावला.

कॅलेंडर. पोस्टर महिन्याभरात फाटतं, कॅलेंडर वर्षभर भिंतीवर राहतं. प्रत्येक महिन्याला त्या महिन्यात जंगलातून काय येतं ते चित्र आणि शेवटच्या पानावर नकाशा.

व्हॉट्सअपसाठी अख्खा नकाशा पाठवून काही दिसत नाही. चार तुकडे करून प्रत्येक तुकडा मोबाइलवर वाचता येईल असा करा आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, सगळ्या संस्थांना त्याआधी आठ दिवस पोस्टरची आठवण येते. जूनमध्येच विचारून ठेवा.

## १२. छपाई

फ्लेक्स स्वस्त पडतो, स्क्वेअर फुटाच्या दरानं लगेच होतो, पण त्याचा शेवट ठरलेला आहे, पहिल्या पावसात तो कुणाच्या तरी गोठ्याच्या छपरावर जातो. त्यात वाईट काही नाही, उपयोग तर झाला, पण नकाशा राहिला नाही. ग्रामसभेसाठी एक प्रत सुती कापडावर छापून घ्या, घडी घालता येते, जमिनीवर अंथरता येते, पेटीत मावते. घरोघरी वाटायच्या प्रती तेरा-एकोणीसच्या शीटवर न फाटणाऱ्या कागदावर. साधा आर्ट पेपर घेणार असाल तर १७० जीएसएम आणि घडीच्या जागी क्रीझिंग (घडीची खाच) मारून घ्या, नाहीतर पहिल्या घडीतच शाई तडकते आणि नेमकं गावाचं नाव त्या घडीवर असतं.

फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग), चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), ३०० डीपीआय. हजाराच्या पुढे प्रती असतील तर ऑफसेट परवडतं. मशीन चालू करायच्या आधी एक प्रूफ काढून घ्या आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी न वाचता दुसऱ्याला वाचायला द्या.

## १३. पैसे, करार, फाइल

लाजू नका. कोटेशनमध्ये फेऱ्या, राहणं-खाणं, दुरुस्तीच्या किती फैरी, छपाई वेगळी, सगळं लिहा. ॲडव्हान्स घ्या. टीडीएस कापून पैसे येतात, सर्टिफिकेट मागून घ्या. गावातल्या ज्या माणसांनी दोन दोन दिवस तुमच्यासोबत जंगल तुडवलं त्यांची रोजी बजेटमध्ये टाका, हे संस्था स्वतःहून क्वचितच टाकते.

चित्रांचे हक्क लेखी ठरवा. कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखीच लागतं आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मी आता चार गोष्टी लिहूनच घेते: नकाशातली माहिती ग्रामसभेची, संस्थेनं किंवा मी ती दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात वापरायची तर ग्रामसभेला विचारून, खाली "माहिती आणि नकाशा: ग्रामसभा" असं आधी छापायचं आणि चित्रकाराचं नाव नंतर, आणि बाहेर द्यायच्या आवृत्तीची ओपन फाइल फॉन्टसकट पेनड्राइव्हवर ग्रामसभेला द्यायची. पूर्ण आवृत्तीत बदल करायचा तर गावात बसूनच करायचा.

पेनड्राइव्हचा त्यांना काय उपयोग असं एकानं विचारलं होतं. दीड वर्षानं त्याच गावात गेले तर कापडी नकाशावर बॉलपेननं दोन नव्या विहिरी, एक वनतळं आणि वाहून गेलेल्या रपट्यावर (नाल्यावरचा ठेंगणा पूल) फुली मारलेली होती. तालुक्याला डीटीपी करणाऱ्या गावातल्याच एका मुलीनं पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये ते बदल करून शाळेसाठी नवीन प्रिंटही काढून आणला होता. विहिरीची खूण तिनं माझ्यापेक्षा चांगली काढलीय, रहाटासकट. पुढच्या गावासाठी मी तीच खूण मागून घेतली.